शिनाण्याचा दोरा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



बोलायला पाच मिनिटं मिळाली आहेत. सॉफ्टवेअरवर बोलणार नाही. त्यावर माझ्या घरचेसुद्धा पेंगतात. मी शिनाण्यांवर बोलणार आहे.

नववीत विज्ञानाच्या सरांनी विचारलं होतं, एवढ्या लाटा आपटतात तरी शिनाणे खडकावरून निघत का नाहीत? मी हात वर करून म्हटलं, "कवच कठीण असतं म्हणून." मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, तेंका दोरे असतत. नुसते ओढून येनत नाय, पिळूक लागतत." वर्ग हसला. उत्तराला नव्हे, मालवणीला. वडिलांच्या बदलीमुळे इथे आलेली मी सगळ्यात मोठ्याने हसले.

गेल्या वर्षी लेकीच्या प्रकल्पासाठी वाचायला बसले आणि कळलं, बरोबर तोच होता.

ओल्या दगडावर पाण्याचा पातळ थर असतो. डिंक त्या पाण्यापाशीच अडतो, दगडापर्यंत पोचत नाही. सुतार लाकूड वाळवून घेतो. शिनाण्याला ती सोय नाही. तो जिभेसारखा पाय बाहेर काढून खडकावर दाबतो आणि प्रथिनांचा रस सोडतो. काही मिनिटांत त्याचा दोरा होतो, टोकाला चिकटणारी चकती. असे कितीतरी दोरे.

त्या रसात डोपा नावाचा घटक भरपूर असतो, हे हर्बर्ट वेट आणि टँझर यांनी 1981 साली दाखवलं. पार्किन्सनच्या रुग्णांना गोळीतून देतात तोच हा एल-डोपा. तो दगडाच्या पृष्ठभागाला घट्ट धरतो. पण त्याआधी दगडाला बिलगलेले क्षारांचे कण हटवावे लागतात. ते काम शेजारचं लायसिन करतं. मला खरी मजा वाटली ती पुढे. ऑक्सिजन लागला की डोपा बिघडतो, पकड जाते. म्हणून शिनाणे पायाखालची तेवढी जागा आम्लधर्मी ठेवतात, शिवाय बिघडलेला डोपा दुरुस्त करणारं वेगळं प्रथिनही सोडतात. आमच्याकडे एवढा विचार करून कोड लिहिणारे फार नाहीत!

अमेरिकेत ऑरेगनच्या किनाऱ्यावर असेच शिनाणे पाहून काइचांग ली या प्राध्यापकांना सोयाबीनच्या प्रथिनापासून प्लायवूडचा गोंद सुचला. त्यात फॉर्माल्डिहाइड लागत नाही. एक माणूस खडकाकडे बघत उभा राहिला, एवढंच.

आपल्या वर्गातला मुलगा तर रोज त्या खडकावर जात होता. दहावीनंतर तो होडीवर गेला. आज तिसऱ्या रांगेत बसलाय, आणि मघाशी चहाच्या वेळी त्यानेच मला ओळखलं.

अरे, त्या दिवशी मी हसले, ते चुकलं माझं. तीस वर्षं उशिरा सांगतेय, तेही माइकवरून, कारण हसले होते तेही सगळ्यांसमोर.

उद्या सकाळी ओहोटी आहे म्हणतोस. मी येते. लेकीलाही आणते. दोरा कसा पिळायचा ते दाखव.