कारकुनाचे शिक्षण



वर्गात एखादा मुलगा अभ्यासात मागे पडू लागला, की गुरुजी त्याला बजावतात, "अरे, अभ्यास कर, नाहीतर कुठेतरी कारकुनी करीत बसशील!" गंमत अशी, की याच गुरुजींचे पगाराचे बिल अडले म्हणजे ते आधी कारकुनाकडेच धाव घेतात. शेतकरी बंधूंचेही तसेच. कचेरीतल्या साहेबांचे नाव त्यांना ठाऊक नसेल. पण आपला कागद कोणत्या टेबलावर पडून आहे आणि त्या टेबलामागे कोण बसते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. ज्याला आपण हिणवतो त्याच्यावाचून आपले पान हलत नाही. म्हणून आज या माणसाच्या शिक्षणाविषयी थोडे बोलू.

'कारकून' हा शब्द मूळचा फारसी. त्याचा अर्थ 'काम करणारा'. चिटणीस, फडणीस हेही त्याच घराण्यातले शब्द. अर्थ पाहिला तर त्यात कमीपणा कुठेच नाही. कमीपणा आला तो वागण्यामुळे. गावच्या कुलकर्ण्याची लेखणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिली. वतन बापाकडून मुलाकडे जाई. मुलाला काम येते का, हे कोणी विचारीत नसे. निरक्षर रयतेला कागदावर काय लिहिले आहे ते कळत नसे. या लेखणीच्या जोरावर शेतकरी कसा नाडला जातो, हे महात्मा फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून उघडे केले. पुढे 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतने रद्द झाली आणि वारशाने आलेली लेखणी परीक्षेने मिळू लागली. हा बदल लहान नव्हे.

पण मंडळी, परीक्षा पास होऊन खुर्ची मिळाली म्हणजे शिक्षण संपले का? अडचण नेमकी इथेच आहे. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला मराठीचे 30 किंवा इंग्रजीचे 40 शब्द टंकलिखित करता आले पाहिजेत, अशी अट असते. बोटांची परीक्षा होते. दफ्तर कसे ठेवावे, टिप्पणी कशी लिहावी, समोरच्या माणसाशी कसे बोलावे, हे मात्र नवा कारकून शेजारच्या टेबलाकडे पाहून शिकतो. शेजारी चांगला मिळाला तर त्याचे नशीब. नाहीतर त्याच्या खोडीही सहीसकट उतरतात.

पहिला धडा कागद लावण्याचा. आपल्याकडे कचेऱ्यांतून सहा गठ्ठा पद्धत सांगितली आहे. हाती घ्यायच्या प्रकरणांचा एक गठ्ठा. ज्यांत दुसऱ्या कुणाच्या उत्तराची वाट पाहायची आहे त्यांचा दुसरा. ठरावीक मुदतीने पाठवायच्या तक्त्यांचा तिसरा. कायमच्या आदेशांचा चौथा. अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा पाचवा आणि नष्ट करायच्या कागदांचा सहावा. ऐकायला किती सोपे! आपली शेतकरी भगिनी बियाणे, खायचे धान्य आणि विकायचे धान्य वेगवेगळे ठेवते, त्यातलाच हा प्रकार. पण जिथे हे सहा गठ्ठे एकात एक मिसळतात, तिथे "तुमचा कागद सापडत नाही" हे वाक्य जन्माला येते. कागद हरवत नाही. तो चुकीच्या गठ्ठ्यात निवांत पडलेला असतो.

दुसरा धडा वेळेचा. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण आपण हसत हसत सांगतो. पण 2005 साली महाराष्ट्राने जो कायदा केला, त्यात कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याने धारिका सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ आपल्याजवळ अडवून ठेवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच वर्षी माहितीचा अधिकार आला आणि अर्जाला साधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक झाले. 2015 साली लोकसेवा हक्काचा कायदा आला. हे कायदे कारकुनाने धाक म्हणून नव्हे, तर हत्यार म्हणून जवळ ठेवावेत. वरिष्ठ किंवा पुढारी आडवळणाचे काही करायला सांगू लागले, तर "नियम असा आहे" एवढे तीन शब्द नम्रपणे म्हणता येणे, ही त्याची खरी ताकद. नियम न वाचलेल्या माणसाला ते म्हणता येत नाहीत.

तिसरा धडा भाषेचा. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास खर्ची घातला आहे. अक्षर वळणदार, सारखे, सुटे असावे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यात फरक पडू नये, हा त्यातला आग्रह. आज बोरूची जागा संगणकाने घेतली; पण आग्रह तोच लागू आहे. 1964 च्या कायद्याने मराठी ही राज्याची राजभाषा झाली. तरीही आपली कितीतरी पत्रे अशी, की वाचणाऱ्याने ती दुसऱ्याकडून समजावून घ्यावीत! "आपला अर्ज अपूर्ण आहे, सातबाऱ्याचा उतारा जोडा" असे लिहायला काय हरकत आहे? म्हातारा शेतकरी दोनदा तालुक्याला येतो, दोन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे घालवतो, ते पुष्कळदा न समजलेल्या एका वाक्यापायी.

आता या कामात माणसाचे काय पणाला लागते, ते शाळेच्या उदाहरणाने पाहू. शाळेचे जनरल रजिस्टर हे कुणाला रुक्ष वाटेल. पण त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, जात लिहिली जाते आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच उतरते. एक काना चुकला, एक आकडा फिरला, की मुलगा मोठा झाल्यावर नोकरी, शिष्यवृत्ती, जातपडताळणी अशा प्रत्येक दारात अडतो. आणि शाळा सुटल्यावर ती चूक दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे असते. 2023 साली मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले, तेव्हा जुनी दफ्तरे पुन्हा उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज पडली. कुणा जुन्या लेखनिकाने शाई वाळेपर्यंत ज्याकडे पाहिले असेल, त्या एका ओळीवर आज एका कुटुंबाची आशा टांगलेली असते. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना विनंती, की प्रवेशाच्या दिवशी नोंद झाली म्हणजे ती आईबापांना मोठ्याने वाचून दाखवा. पाच मिनिटे जातील. पण पुढची पाच वर्षे वाचतील.

राहता राहिली कारकुनाची स्वतःची वाढ. महसूल खात्यात ज्याला पूर्वी कारकून म्हणत, तो आता महसूल सहायक झाला. नाव बदलले, छान झाले. पण माणूस नावाने वाढत नाही. खात्याच्या परीक्षा आहेत. त्या पास होत जाणारा मनुष्य वरच्या पदाच्या, पुढे नायब तहसीलदाराच्या पायरीपर्यंत पोहोचू शकतो. परीक्षेचे पुस्तक केवळ बढतीसाठी उघडू नये, हे खरे. पण बढतीसाठी का होईना, उघडावे! शिवाय एक साधा उपाय सुचवतो. प्रत्येकाने स्वतःची एक वही ठेवावी. नवा शासन निर्णय आला, की त्याची तारीख आणि सार दोन ओळींत लिहावे. एखादे प्रकरण कशामुळे अडले आणि कसे सुटले, तेही लिहावे. संगणकावर युनिकोडात मराठी लिहायला शिकावे, म्हणजे आपले पत्र दुसऱ्या कचेरीत अक्षरांचा काला होऊन उघडत नाही. वर्षअखेर ती वही चाळली, की आपण किती पुढे आलो ते कुणाला विचारावे लागत नाही. बदली झाली, तर नव्या माणसासाठी तिची एक नक्कल ठेवून जावे. शेजारच्या टेबलावरून खोडी उतरतात, तसे गुणही उतरतात.

आणि शेवटचा धडा सर्वांत स्वस्त आहे. समोर आलेल्या माणसाला "बसा" म्हणावे. काम आज होणार नसेल तर ते कधी होईल, हे खरे सांगावे. "उद्या या" हे उत्तर नव्हे. "येत्या गुरुवारी, अमुक कागद घेऊन या" हे उत्तर होय. मायबाप सरकार, असे आपला खेडूत हात जोडून म्हणतो. त्याला ते सरकार मुंबईत दिसत नाही. ते त्याला तालुक्याच्या एका टेबलापाशी भेटते, आणि ते कसे आहे हे तो तिथल्या माणसावरून ठरवतो.

तेव्हा गुरुजी, यापुढे मुलाला कारकुनीची भीती घालू नका. त्याला सांगा, "कारकून झालास तर असा हो, की तुझ्या टेबलावरून कुणी विन्मुख जाणार नाही."