म्हादई नावाची बोट
(मंडळाच्या गणेशोत्सवात, पाचव्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर)



या मांडवात आजवर संतवाङ्मयावर भाषणं झाली, शिवकालावर झाली, मागच्या वर्षी डॉक्टरांनी मधुमेहावर सांगितलं आणि त्यानंतर आपण सगळ्यांनी मोदक खाल्ले. समुद्रावर कुणी बोलल्याचं आम्हांला आठवत नाही. आपण बेळगावकर घाटावरची माणसं. चोर्ला उतरलं की दुपारपर्यंत मिरामारला पोचतो, पाय भिजवतो, मासे खातो आणि रात्री घरी परत. समुद्राशी आपला व्यवहार एवढाच.

हे भाषण आम्ही दोघांनी मिळून लिहिलंय, म्हणून 'आम्ही'. उगाच थाट नव्हे. आणि या विषयाकडे आम्ही का वळलो त्याला घरगुती कारण आहे, ते शेवटी सांगतो.

म्हादई म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कळसा-भांडुरा, लवाद, बंद आणि मोर्चे. आपल्या खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानात ही नदी उगम पावते, सत्तरीतून गोव्यात शिरते आणि खाली गेल्यावर मांडवी होते. पाणी कुणाचं, हा वाद आज आपण बाजूला ठेवू. तो इथं काढला तर विसर्जनापर्यंत संपायचा नाही. पण याच नदीच्या नावाची एक बोट आहे. त्या बोटीतून एका मराठी माणसानं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला भारतीय. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे.

गोष्ट सुरू होते फलटणजवळच्या विंचुर्णी गावात. तिथं व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहत असत. १९७१ च्या युद्धात त्यांनी 'कामोर्ता' या जहाजाचं नेतृत्व केलं होतं, त्यांना वीरचक्र मिळालं होतं. एवढं झाल्यावर माणसानं शेती बघावी, नातवंडं खेळवावीत. पण त्यांच्या डोक्यात एक विचार बसला होता: एखाद्या भारतीयानं एकट्यानं, शिडाच्या बोटीतून, जगाला वळसा घालावा. आणि बोटही इथंच बांधलेली असावी. नौदलानं होकार दिला. आता करणार कोण? २००६ साली दोंद्यांनी हात वर केला.

दोंदे पाणबुड्या होते, म्हणजे पाण्याखाली उतरून सुरुंग निकामी करणं वगैरे कामं करणारे. एकट्यानं महासागर ओलांडण्याचा अनुभव त्यांना नव्हता. तो आपल्या देशात कुणालाच नव्हता, त्यामुळे विचारायचं कुणाला हाही प्रश्नच होता. मग ते इंग्लंडच्या सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकायला गेले.

हे नाव लक्षात ठेवा, कारण इथं गोष्ट पुन्हा आपल्याकडे वळते. नॉक्स-जॉन्स्टन हे जगाभोवती एकट्यानं, कुठंही न थांबता जाणारे पहिले. १९६८ च्या जूनमध्ये ते फाल्मथ बंदरातून निघाले आणि ३१२ दिवसांनी, १९६९ च्या एप्रिलमध्ये, तिथंच परतले. शर्यतीत नऊ जण उतरले होते. पूर्ण करणारे ते एकटेच. त्यांची 'सुहेली' ही बत्तीस फुटी बोट कुठं बांधली होती? मुंबईत, सागवानाच्या लाकडात, आपल्याकडच्या सुतारांनी. आम्हांला हे माहीतच नव्हतं. जगातल्या या पहिल्या प्रदक्षिणेच्या बोटीवर रंधा कुणी फिरवला, त्या माणसांची नावं कुठं वाचायला मिळत नाहीत, याची मात्र आम्हांला खंत वाटली.

दोंद्यांची बोट बांधली रत्नाकर दांडेकर यांनी, गोव्यातल्या दिवाडी बेटावर. जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं पाच-सात मिनिटांत तिथं जाता येतं. आराखडा डच, छप्पन फुटी. आत लाकूड, वरून फायबरग्लास. सांगाडा आधी पालथा बांधतात आणि मग उलटा करून सुलटा करतात. तळाला जड वजन असतं, म्हणजे लाटेनं बोट आडवी पाडली तरी ती पुन्हा उभी राहावी. वर पंचवीस मीटर उंचीची डोलकाठी. आपल्या आठमजली इमारतीएवढी म्हणा. इतकी मोठी शिडाची बोट दांडेकरांनी पूर्वी बांधलेली नव्हती. म्हणजे बघा, बांधणारा नवखा, चालवणारा नवखा, आणि दोघांच्या मागे लागलेले ऐंशीच्या घरातले आवटी! आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीनं असला ठराव मंजूर केला असता का, याचा विचार मनात आला. अध्यक्षांनी क्षमा करावी.

२००६ ते २००९ ही तीन वर्षं जुळवाजुळवीतच गेली. कागद, मंजुऱ्या, पैसा, सामान, शिकणं. धाडसाच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग गाळतो. दोंद्यांनी पुढं 'द फर्स्ट इंडियन' या नावानं पुस्तक लिहिलं. समुद्रावर जाण्यापूर्वी जमिनीवर केवढा प्रवास करावा लागतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय या कामगिरीचं वजन कळत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये बोट नौदलात दाखल झाली. नाव ठेवलं म्हादई. ज्या नदीच्या पाण्यात ती जन्मली, तिचंच.

१९ ऑगस्ट २००९ ला, ऐन पावसाळ्यात, ते मुंबईहून निघाले. या प्रदक्षिणेचे नियम कडक असतात. जिथून निघाला तिथंच परत यायचं, विषुववृत्त ओलांडायचं, सगळी रेखावृत्तं पार करायची, किमान २१,६०० सागरी मैल कापायचे. सुएझ नाही, पनामा नाही. ऑस्ट्रेलियाचं लीविन, दक्षिण अमेरिकेचं हॉर्न आणि आफ्रिकेचं केप ऑफ गुड होप, या तिन्ही टोकांना दक्षिणेकडून वळसा घालायचा. वाटेत ते चार ठिकाणी थांबले: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटल्टन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅनली आणि मग केप टाऊन. मे २०१० मध्ये ते मुंबईत परतले. उपराष्ट्रपती हमीद अन्सारी स्वागताला होते. पुढं शौर्यचक्र मिळालं.

ही झाली जंत्री. आता थोडं डोळ्यांसमोर आणू या. दक्षिण महासागरात चाळीस अंशांच्या खाली वाऱ्याला अडवायला फारशी जमीनच नाही. वारा पृथ्वीभोवती फिरत राहतो आणि लाटा वाढत राहतात. सुकाणू यंत्राच्या हवाली करून मधूनमधून डुलकी घ्यायची. किनाऱ्याजवळ किंवा जहाजांच्या वाटेवर असलं तर तीही वीस मिनिटांची, गजर लावून. शीड फाटलं तर शिंपी तुम्हीच, दात दुखला तर डॉक्टर तुम्हीच, आणि स्वयंपाकही तुम्हीच, तोही हलत्या शेगडीवर. चिडायचं कुणावर? हा प्रश्न आमच्या सौंनी विचारला, आणि आम्हांला तो सगळ्यांत अवघड वाटला. घरात दुसरं माणूस नसेल तर राग ठेवायचा कुठं?

दोंदे परतले तेव्हा आवटींचं काम संपलं असं वाटेल. तसं झालं नाही. दोंद्यांच्या तयारीत किनाऱ्यावरून मदत करणारा एक तरुण अधिकारी होता, अभिलाष टॉमी. तो हीच म्हादई घेऊन १ नोव्हेंबर २०१२ ला निघाला आणि कुठंही न थांबता पाच महिन्यांत परत आला. मग दांडेकरांच्याच यार्डात तिची धाकटी बहीण 'तारिणी' तयार झाली. वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी, सगळ्या नौदलातल्या मुली, १० सप्टेंबर २०१७ ला गोव्यातून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. त्यांना शिकवलं होतं दोंद्यांनी. त्याच वर्षी नोव्हेंबरात आवटी गेले, विंचुर्णीतच. मुली सुखरूप परतलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या.

सगळं गोडच झालं असं नाही, आणि आम्ही ते लपवणार नाही. २०१८ च्या शर्यतीत टॉमी 'थुरिया' घेऊन उतरला. ती सुहेलीची प्रतिकृती, गोव्यातच बांधलेली. सप्टेंबरात हिंदी महासागरातल्या वादळानं डोलकाठी मोडली, त्याच्या पाठीला जबर मार बसला आणि त्याला जागचं हलता येईना. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजानं त्याला उचललं. मणक्यात धातू घालावा लागला. आणि तोच माणूस २०२२ ला पुन्हा त्याच शर्यतीत उतरला आणि दुसरा आला! पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. याला जिद्द म्हणावं की वेड, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि ते अजून मिटलेले नाहीत.

आता ते घरगुती कारण. आमची धाकटी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दीड वर्षापूर्वी तिनं सांगितलं की तिला नौदलात जायचंय. आम्ही नाही म्हटलं. कारणं तुम्हांला पाठ असतील: मुलगी, एकटी, लांब, लग्न. आजी म्हणाली, आपल्यात समुद्र ओलांडत नाहीत. तिच्या लहानपणी सिंधुबंदी खरोखर पाळणारे लोक होते, म्हणून तिला आम्ही हसलो नाही. पण आमचा नकार तिच्यापेक्षा फारसा वेगळा नव्हता, फक्त शब्द नवे होते. धाकटीनं वाद घातला नाही. दोंद्यांचं पुस्तक आणून टेबलावर ठेवलं.

आम्ही ते वाचलं आणि एका रविवारी तिघं दिवाडीला गेलो. यार्ड बाहेरूनच पाहिलं. फेरीबोटीत उभं राहून तिनं पाण्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बाबा, हे आपल्या खानापूरचंच पाणी." आम्ही काही बोललो नाही. २०२४ साली २ ऑक्टोबरला तारिणीवर दोनच अधिकारी गेल्या, दिलना आणि रूपा, आणि २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी जगाला वळसा घालून परत आल्या. ती बातमी धाकटीनं आजीला मोठ्यानं वाचून दाखवली. आजीनं एवढंच विचारलं, त्या दोघींचं पटलं का गं आठ महिने?

फॉर्म भरून झालाय. आम्ही अजून तोंडानं हो म्हटलेलं नाही. परवा तिनं विचारलं, मुलाखतीला बोलावलं तर सोडायला येणार का? बेंगळुरूच्या गाड्यांच्या वेळा बघून ठेवतो, असं आम्ही म्हटलं आहे.