अंगणांत आलेली शाळा

आमच्या नव्या जालन्यांत सकाळच्या वेळीं एखाद्या गल्लींतून गेलें, म्हणजे लहान मुलांच्या गाण्याचा आवाज कानांवर येतो. एक खोली, दारांत इवल्या इवल्या चपलांचा ढीग, आंत एक बाई आणि दारावर 'अंगणवाडी' अशी पाटी. ही पाटी मीं कितीतरी वर्षें वाचली आणि पुढें गेलों. तेथें खिचडी मिळते, मुलांचें वजन करतात, एवढीच माझी माहिती! घरच्या मुलांना आम्हीं फी भरून दुसरीकडे घातलें. ज्या खोलीला अंगणच नाहीं तिला अंगणवाडी कां म्हणावें, हा प्रश्न माझ्या मनांत कधीं आला नाहीं. आज त्या प्रश्नाचेंच उत्तर सांगावयाचें आहे. तें उत्तर म्हणजे एका शिक्षिकेचें चरित्र होय.

अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजीं पुणें जिल्ह्यांतील मोरगांव येथें झाला. तेराव्या वर्षीं लग्न झालें आणि सहा महिन्यांच्या सुमारास वैधव्य आलें. त्या काळीं अशा मुलीसाठीं समाजानें एकच जागा राखून ठेवली होती. ती म्हणजे स्वयंपाकघराचा कोपरा. अनुताईंनीं ती जागा घेतली नाहीं. त्या शिकल्या, पुण्यास शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केला आणि नाशिक जिल्ह्यांतील खेड्यांत शिकवूं लागल्या. पुढें पुण्याच्या हुजूरपागेंत त्यांना नोकरी मिळाली. दिवसां शिकवावें आणि रात्रीं शिकावें, असा क्रम ठेवून १९३७ मध्यें रात्रशाळेंतून त्यांनीं इंग्रजी शाळेची शेवटची परीक्षा दिली. नांवाजलेली शाळा, नियमित पगार, पुण्यासारखें शहर! एकट्या स्त्रीला याहून अधिक काय हवें, असें कोणीही म्हणालें असतें.

परंतु १९४५ सालीं बोरिवली येथील एका शिबिरांत त्यांची ताराबाई मोडक यांच्याशीं भेट झाली. ताराबाईंनीं गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरास बालशिक्षणाचे प्रयोग केले होते आणि १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. हें नवें शिक्षण शहरांतल्या सुखवस्तु घरांपुरतेंच राहतें आहे, याचें शल्य त्यांना होतें. तें खेड्यांत नेण्यासाठीं त्यांना सहकारी हवी होती. पस्तीस वर्षांच्या अनुताईंनीं नोकरीचा मोह सोडला आणि त्या डहाणूजवळच्या बोर्डी गांवीं गेल्या. डिसेंबर १९४५ मध्यें तेथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालें.

शाळा उघडली, पण ज्या गरीब मुलांसाठीं ती उघडली तींच येईनात. याचें कारण आळस नव्हे. आईबाप कामावर गेलेले. पांचसहा वर्षांची पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली, नाहीं तर गुरांमागें गेलेली. शिवाय गांवांतल्या जातीच्या भिंती होत्याच. मूल आलें नाहीं कीं हजेरीपटावर गैरहजर लिहावें, ही आपली जुनी रीत. या दोघींनीं मात्र उलट विचार केला : मूल शाळेंत येत नसेल, तर शाळा मुलाकडे जाईल! मुलांच्या वस्तींत जाऊन, त्यांच्या घरांपुढच्या अंगणांत त्यांनीं शाळा मांडली. श्रोते हो, 'अंगणवाडी' हा शब्द या अंगणांतून उगवला आहे.

या शाळेंत धड्याला आरंभ होई तो पाण्यानें. प्रथम मुलांना न्हाऊं घालावें, केंस विंचरावे, नखें काढावीं आणि मग गाणीं, गोष्टी, खेळ. हें काम शिक्षिकेचें नव्हे, असें आपणांस वाटेल. परंतु ज्या मुलाला परक्या माणसाचा मायेचा हात ठाऊक नाहीं, तें त्या माणसाचा शब्द तरी कसा ऐकणार? माँटेसरी पद्धतीचीं महाग साधनें खेड्यांत आणावयाचीं कोठून? त्यांच्या जागीं शिंपले, खडे, बिया आणि झाडांचीं पानें आलीं. बिया निवडतां निवडतां मोजणी आली, पानें जुळवितां जुळवितां आकार कळले. हरवलेला शिंपला समुद्र पुन्हां फुकट देतो, हा आणखी एक लाभ!

१९५७ मध्यें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तींत गेलें. तेथें गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरे. तिचें नांव कुरणशाळा. बालवाडी, प्राथमिक शाळा आणि तान्ह्यांसाठीं पाळणाघर हीं जवळजवळ ठेवलीं गेलीं. त्यामुळें धाकट्याला पाळण्यांत ठेवून थोरली बहीण वर्गांत बसूं शके. एका पाळण्यानें दोघांचें शिक्षण साधे!

१९७३ मध्यें ताराबाई गेल्या. अनुताईंनीं कोसबाड सोडलें नाहीं. त्यांनीं पन्नाशी ओलांडल्यावर पदवी घेतली, मूकबधिर मुलांसाठीं शाळा काढली, स्त्रियांना संघटित केलें. १९८५ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांना स्वतःचें मूल नव्हतें. मग नातवंड कोठून असणार? परंतु टेकडीवर त्यांनीं पस्तीस वर्षें काढलीं. आज जिची वेणी घातली तिच्याच मुलीची वेणी घालण्याची वेळ यावी, एवढा हा काळ. नातवंडांना न्हाऊं घालणारी, जेवूं घालणारी, गोष्ट सांगणारी ती आजी, असा अर्थ घेतला, तर अनुताईंसारखी आजी मला दुसरी दिसत नाहीं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणीं सुरू केली आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हें नांव दिलें. बोर्डींतलें काम सुरू झालें तेव्हां आमचें जालना निजामाच्या राज्यांत होतें. आज तोच शब्द आमच्या गल्लींतल्या दारावर आहे.

शब्द आला, त्याबरोबर मानही आला कीं नाहीं, हें आपण स्वतःला विचारावें. त्या खोलींतल्या बाईंना आपण 'सेविका' म्हणतों आणि त्यांना जें मिळतें त्याला पगार न म्हणतां 'मानधन' म्हणतों. महाविद्यालयांतल्या प्राध्यापकाला आपण वांकून नमस्कार करतों. आणि मूल पहिल्यांदा ज्यांच्या हाताशीं येतें त्यांचें नांवही आपल्याला ठाऊक नसतें. शेंबूड पुसणें हें हलकें काम आणि श्लोक शिकविणें हें थोर, ही वांटणी अनुताईंनीं साफ खोडून काढली होती. आपण ती अजून जपून ठेवली आहे.

परवां त्याच गल्लींतून जातांना मी प्रथमच दारांत थांबलों. बाई एका मुलाच्या सदऱ्याचीं बटणें लावीत होत्या, आणि लावतां लावतां त्याच्याकडून तीं मोजून घेत होत्या : एक, दोन, तीन. मला कोसबाडचे शिंपले आठवले. मीं त्यांचें नांव विचारलें. इतक्या वर्षांत हें मला सुचूं नये, याची लाज वाटली. श्रोते हो, उद्यां सकाळीं आपल्याही वाटेवर असें एखादें दार लागेल. तेथें क्षणभर थांबावें, एवढीच माझी विनंति.