बाजार बंद केल्यानं डास थांबत नाही

(नाशिक जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकीत कापसाचा भाव निघतो, विजेचं बिल निघतं, कर्ज निघतं. जनावराच्या आजाराचा विषय काढला की लोक म्हणतात, ते डॉक्टरचं काम, बैठकीत कशाला? आज मी तोच विषय घेणार आहे. आजार गोठ्यात येतो, पण त्याचा हिशेब शेतात आणि बाजारात चुकता करावा लागतो.

येवला, नांदगाव, मालेगाव, सिन्नर या बाजूचे आपण कोरडवाहू शेतकरी. पाऊस पडून वाफसा आला की हातात चार-पाच दिवस असतात. तेवढ्यात पेरलं तर पेरलं. कपाशी गुडघ्याला लागली की ट्रॅक्टर आत घालता येत नाही, कोळपं बैलानंच ओढायचं. त्या आठवड्यात बैल बसला तर तण माजतं आणि निंदणीची मजुरी वाढते. ज्वारीचं तेच. पुन्हा ज्वारीचा कडबा खाणारी जनावरंच नसली तर निम्मं पीक वाया गेल्यासारखं आहे.

लंपी कुठून आला

लंपी हा शब्द आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला १९२९ साली, आफ्रिकेतल्या झांबियात. साठ वर्षं तो त्याच खंडात राहिला. १९८९ साली इस्रायलमध्ये आला, २०१३ साली तुर्कस्तानात. भारतात २०१९ साली ओडिशात दिसला. महाराष्ट्रात २०२० साली गडचिरोलीत आला. म्हणजे सरकारला सूचना दोन वर्षं आधी मिळालेली होती.

४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावलला त्या वर्षीच्या साथीची राज्यातली पहिली नोंद झाली. ऑगस्ट म्हणजे कोळपणीचे दिवस आणि महिनाअखेरीला पोळा. सप्टेंबरात सगळा महाराष्ट्र 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. जनावरांचे बाजार, यात्रा, शर्यती, वाहतूक सगळं बंद. त्या वर्षी देशभरात दीड लाखाच्या वर गुरं या रोगानं मेली.

मेलेल्यांची मोजदाद झाली. जगलेल्या बैलाची कोणी केली? अंगभर गाठी, पायाला सूज, ताप. मानेवर जिथं जू बसतं तिथंच गाठ फुटून जखम. असा बैल महिना-दोन महिने जुवाखाली घेता येत नाही. तो कोणत्याही यादीत नाही, त्याची भरपाईही नाही.

मेलेल्याची भरपाई होती. दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. मिळाले ते घेतले, त्यात लाजायचं कारण नाही. पण जोडीतला एक बैल गेला की उरलेल्याची किंमतही निम्म्यावर येते, हे जोडी पाळणाऱ्यालाच कळतं. नवा जोड लावायचा तर बाजारात जावं लागतं, आणि बाजार तर बंद. पैशाची गरज म्हणून गाय विकायची होती, त्यालाही गिऱ्हाईक नाही. रोग गोठ्यात नव्हता त्यांच्याही दावणीला टाळं लागलं.

रोग पसरतो कसा

मी शिकलो पिकांचं शास्त्र, म्हणून पिकाचंच उदाहरण देतो. भेंडीवर केवडा येतो. पानं पिवळी पडतात. रोग विषाणूचा, पण एका झाडावरून दुसऱ्यावर नेते पांढरी माशी. केवडा आल्यावर त्या झाडाला औषध नाही. आपण माशीचा बंदोबस्त करतो आणि रोगाला दाद न देणारी जात लावतो.

लंपीचं गणित असंच आहे. विषाणू देवीच्या कुळातला. त्याला वाहून नेतात डास, रक्त पिणाऱ्या माश्या आणि गोचीड. आजारी गाईच्या गाठीवर डास बसला की त्याची सोंड भरते. तोच पुढच्या गाईला चावतो. प्रयोगशाळेत डासांवर हे तपासलं गेलं आहे: आजारी जनावराचं रक्त प्यायलेल्या डासानं दोन ते सहा दिवसांनीही निरोगी जनावराला रोग दिला. दुसरी वाट म्हणजे एकच सुई दहा जनावरांना टोचणं. तीही सोंडच, फक्त लोखंडाची.

आपल्या बाजूला तिवा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बैल तापतो, लंगडतो, तीन दिवसांत बहुधा उठतो. तोही विषाणूचा आणि तोही डास-चिलटांनी पसरणारा. लंपी त्याच वाटेनं येतो, फक्त तीन दिवसांत जात नाही.

आता बाजारबंदीचा विचार करू. डास काही कोस उडतो. शेकडो कोसांची मजल मारतो तो ट्रकमध्ये भरलेल्या आजारी जनावराचा विषाणू. म्हणून रोग दिसला त्या गावाभोवती वाहतूक ताबडतोब थांबवणं योग्य आहे, मी त्याच्या आड येणार नाही. पण रोग गावोगाव पोचल्यावर आख्ख्या राज्याचे बाजार कित्येक आठवडे बंद ठेवले, तर थांबतो तो व्यवहार. डास आपलं काम करतच असतो. त्याला ना तालुक्याची हद्द कळते, ना जिल्हाधिकाऱ्याचा हुकूम वाचता येतो.

घोड्यांकडून शिकण्यासारखं

येवल्याचा घोडेबाजार आपल्याच जिल्ह्यातला. शेजारी नंदुरबारमध्ये सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची यात्रा भरते. लंपी घोड्याला होत नाही. पण डासानं येणारा जपानी मेंदूज्वर घोड्याला होऊ शकतो. डास हा विषाणू पाणपक्ष्यांकडून आणि डुकरांकडून उचलतो. घोडा त्यानं मरू शकतो, पण घोड्याकडून रोग पुढं जात नाही. त्याच्या रक्तात विषाणू तेवढा वाढतच नाही. तेव्हा या रोगासाठी घोड्यांचा बाजार बंद केला तर मालकाचं नुकसान होईल आणि रोगाला काही फरक पडणार नाही.

आफ्रिकन घोडेरोगाची गोष्ट वेगळी. तो जेमतेम डोळ्याला दिसणाऱ्या चावऱ्या चिलटांनी पसरतो आणि आजारी घोड्याबरोबर मुलूख ओलांडतो. १९५९ ते १९६१ या काळात पश्चिम आशियापासून भारतापर्यंत त्यानं तीन लाखांवर घोडे, गाढवं, खेचरं नेली. आपल्याकडे तो १९६० साली आला. लस टोचून तो आटोक्यात आणला गेला.

म्हणजे प्रत्येक रोगाची वाट वेगळी. वाट पाहून बंदोबस्त ठरवावा लागतो. सरसकट बंदी हा बंदोबस्ताचा सगळ्यात सोपा प्रकार, कारण तिचा खर्च हुकूम काढणाऱ्याला येत नाही.

आणखी एक गोष्ट. लंपीची आपल्या देशातली खास लस कोणी तयार केली? हिसारच्या घोड्यांवरच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रानं, इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेबरोबर. ऑगस्ट २०२२ मध्ये ती जाहीर झाली. तोवर आपल्या गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचत होते. ती जवळच्या विषाणूची, म्हणून तिनंही आधार दिला.

लस कधी टोचायची

२०२२ साली राज्यात लसीकरण मोठं झालं. महाराष्ट्रात गाई-बैल सुमारे १ कोटी ४० लाख. त्यांतल्या बहुतेकांना लस मिळाली. पशुवैद्यकांनी रात्रंदिवस काम केलं, हे मान्य करायला हवं. पण ही धावपळ साथ सुरू झाल्यावरची होती. लस टोचल्यावर पुरतं बळ यायला तीन आठवडे लागतात. साथीच्या मध्यावर टोचलेल्या लसीचा उपयोग उशिरा होतो. २०२३ च्या पावसाळ्यात रोग परत आला. तोवर नवी वासरं जन्मली होती, त्यांच्या अंगात काही बळ नव्हतं.

आग्नेय युरोपातलं उदाहरण पाहा. ग्रीस, बल्गेरिया, सर्बिया या बाजूला २०१५-१६ मध्ये लंपी आला. त्यांनी सरसकट सगळ्या गुरांना लस दिली, निरोगी गावांतल्याही. २०१६ साली तिथं साडेसात हजारांच्या आसपास उद्रेक नोंदले गेले. २०१७ साली चारशेच्या आत आले. डास तिथंही होतेच. पण चावायला मिळालेलं जनावर तयार होतं.

म्हणून आपली मागणी एकच आणि साधी आहे. लस एप्रिल-मे महिन्यांत, उन्हाळ्यात टोचा. पहिल्या पावसानं डास वाढायच्या आत गावातलं प्रत्येक जनावर झालं पाहिजे. चार महिन्यांच्या पुढचं वासरूसुद्धा. सुई दर जनावराला वेगळी.

आणि बाजाराचं म्हणाल तर सोय तयारच आहे. १ जून २०२४ पासून कानात बारा अंकी बिल्ला नसेल तर राज्यात जनावर विकता येत नाही. बिल्ल्याची सक्ती आपल्यावर झाली. मग त्याचा फायदाही आपल्याला मिळू द्या. त्या आकड्यावर लसीची तारीख नोंदवा. २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यातच लसीकरणाचा दाखला देण्याची तरतूद आहे. ज्या जनावराला वेळेत लस झाली, ज्याच्या गावात रोग नाही, त्याला बाजारात का येऊ द्यायचं नाही? बाजार समित्यांनी दारात तपासणी ठेवावी. त्यासाठीच आपण बाजार फी भरतो.

आपल्या हातातलं

सरकारवर सगळं टाकून घरी जायचं नाही. मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी जास्त, कारण शेणघाण तुम्ही काढता. जनावराला पहिल्यांदा ताप आला, डोळ्यांतून-नाकातून पाणी आलं, चारा सोडला, हे तुम्हालाच आधी दिसतं.

गोठ्यातलं मूत साचू देऊ नका. रक्त पिणारी माशी ओल्या शेणात आणि कुजक्या चाऱ्यात वाढते. उकिरडा गोठ्याला लागून नको. डासाची अळी साधारण आठवडाभरात उडायला लागते. हौद, रांजण, टाकलेलं टायर आठवड्यातून एकदा कोरडं करा. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर संध्याकाळी जरूर करा, पण धूर म्हणजे लस नव्हे. जमेल त्यानं गोठ्याला जुनी जाळी लावावी.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कपाशीवर मारायचं औषध जनावराच्या अंगावर मारू नका. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली, हे आपण विसरलेलो नाही. जनावर तर अंग चाटतं. गोचिडाचं औषध वेगळं असतं, ते पशुवैद्यकाला विचारून, सांगितलेल्या मापानंच वापरायचं.

नवं जनावर आणलं तर २८ दिवस वेगळं बांधा. आजारी जनावराला वेगळी दावण, वेगळं पाणी. खपल्या पडतात त्यांत विषाणू महिनाभर जगतो, म्हणून खपल्या जाळा. लंपीला मारणारं औषध नाही. ताप उतरवणं, जखम धुणं, जखमेत दुसरा संसर्ग होऊ न देणं एवढाच उपचार. वेळेवर झाला तर बहुतेक जनावरं वाचतात. माणसाला हा रोग होत नाही. दूध उकळून प्या, गाय सोडून देऊ नका.

रोग लपवू नका. कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. लोक लपवतात, कारण कळवलं की गावाचा बाजार बुडतो. हीच भीती घालवायची आहे. कळवणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला गिऱ्हाईक, अशी रीत असेल तोवर रोग लपूनच पसरेल.

तेव्हा इथून गेल्यावर प्रत्येक गावात एक वही घाला. किती जनावरं, किती बिल्ले, शेवटची लस कधी, वासरं किती राहिली. ती वही घेऊन मार्चमध्ये तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे जायचं आणि एप्रिलची तारीख लिहून घ्यायची. तारीख पाळली नाही तर सगळ्यांनी मिळून पुन्हा जायचं, मे संपायच्या आत. जूनमध्ये आपल्याला वेळ नसतो, तेव्हा आपण पेरणीत असतो.