चौथी चौकट
(युवा शिबिरातील भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चौथीच्या वर्गाला 'डिजिटल नागरिकत्व' शिकवायला गेलो, तेव्हा बाई म्हणाल्या, "शाळेत संगणक एकच, तोही बंद. शिकवणार कशावर?" मी म्हटलं, "फळा आणि खडू पुरे."

फळ्यावर तीन चौकटी काढल्या. मोटारसायकलवर दोन माणसं येतात, खेळणाऱ्या मुलाला उचलतात, पळून जातात. "कोण असतील हे?" वर्ग ओरडला, "पोरं पळवणारे!" मग चौथी चौकट काढली. तीच माणसं मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात : 'मुलांवर लक्ष ठेवा.' वर्ग गप्प.

ही गोष्ट माझ्या मनातली नाही. कराचीत बालसुरक्षेसाठी अशी चित्रफीत बनवली होती. कुणीतरी तिचा शेवट कापला आणि उरलेला तुकडा खरी घटना म्हणून आपल्याकडे फिरला. त्याच अफवांच्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मारून टाकलं.

तो तुकडा आमच्या घरच्या ग्रुपवरही आला होता. मामूंनी पाठवला होता. मला शंका आली. तपासणं मला अवघड नव्हतं. पण मोठ्यांना कशाला दुखवायचं, म्हणून गप्प बसलो. माझी डिग्री त्या दिवशी काही कामाची ठरली नाही.

म्हणून मुलांना मी तीन प्रश्न देतो : हे पूर्ण आहे का? खरं आहे का? ज्याचं आहे त्याला विचारलं का?

मग चिठ्ठीचा खेळ. एकाने पाच जणांना चिठ्ठी द्यायची, त्या प्रत्येकाने आणखी पाच जणांना. गुणाकार मुलांनीच केला : ५, २५, १२५, ६२५. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डची मर्यादा पाच चॅटवर आणायचं जाहीर केलं. तरी चौथ्या टप्प्यात ६२५! पहिल्या पाचांतली एक मुलगी म्हणाली, "मी कुणालाच दिली नाही तर?" मी तिच्या हातात डस्टर दिलं. तिने आपली फांदी पुसली. चौथ्या टप्प्यातले १२५ जण कमी झाले.

तास संपल्यावर मी वर्गाचा फोटो काढायला फोन उचलला. तीच मुलगी म्हणाली, "सर, आम्हाला विचारलं का?" मी फोन खिशात ठेवला. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मुलांनाही विचारावं, हे मला तिने शिकवलं.

मित्रांनो, यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. जवळच्या शाळेत जा, एक तास मागा. आणि त्याआधी घरच्या ग्रुपवर, अदबीनेच, पण विचारा : "मामू, याची चौथी चौकट कुठे आहे?"