गृहपाठ नको, डाव मांडा
(गणित शिक्षक व पालकांच्या नाशिक येथील संमेलनातील स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागताध्यक्षाची निवड त्याची विद्वत्ता पाहून होते की त्याचं गोदाम पाहून, यावर पुष्कळ विनोद झालेले आहेत. माझ्या बाबतीत शंकेला जागाच नाही. आमचं किराणा-भुसाराचं दुकान आहे, मी तिसऱ्या पिढीतला. तेव्हा आधी माझ्या अखत्यारीतलं सांगून टाकतो. जेवणाची कुपनं दाराशी मिळतील. उद्या सकाळी मिसळ खायला जाणारच असाल तर लवकर जा. पोटभर मिसळ खाऊन नऊच्या सत्रात बसलेला माणूस ऐकतो कमी आणि डुलतो जास्त.

स्वागताच्या भाषणात गावाचं कौतुक करायची रीत आहे. रामकुंड, काळाराम मंदिर, द्राक्षं, कांदा हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. गणिताच्या माणसांना नाशिकची ओळख करून द्यायची तर देवळालीपासून सुरुवात करायला हवी. तिथल्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक मास्तर शिकवत होते. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. गणितातली पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. शाळा सुटली की आकड्यांशी खेळत बसायचं, एवढाच नाद. तेव्हाच्या कित्येक गणितज्ञांनी त्यांचं काम पोरखेळ म्हणून बाजूला सारलं. पुढे १९७५ साली मनोरंजक गणितावर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी जी संख्या मांडली, ती ६१७४. शिक्षकांना ती माहीत आहे, मी पालकांसाठी सांगतो. कोणतेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. त्यांच्यापासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. शून्य आला तर तो टाकायचा नाही, चार घरं पुरी ठेवायची. १९४७ घ्या. ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२ आणि पाचव्या वजाबाकीला ६१७४. तिथे पोचलात की पुढे जाता येत नाही, पुन्हा पुन्हा तेच उत्तर येतं. सातच्या पुढे वजाबाक्या कधीच लागत नाहीत. आता महाराष्ट्राच्या स्थापनेचं १९६० साल घ्या. त्याला पुऱ्या सात लागतात. खोटं वाटत असेल तर हातातल्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे करून पाहा. माझं भाषण तेवढं कमी ऐकलंत तरी रागावणार नाही.

वजाबाकीची पन्नास उदाहरणं घातली की जो मुलगा तोंड फिरवतो, तोच आजोबांच्या जन्मसालाला किती फेऱ्या लागतात आणि शेजारच्यांच्या गाडीच्या नंबराला किती, हे काढत तासभर बसतो. वजाबाक्या त्याच, हातचेही तेच. कापरेकरांचे वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता, आणि त्या आकडेमोडीची गोडी मुलाला घरातच लागली, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. पत्रिका पाहण्यावर माझा विश्वास नाही. पण बाप आकडे मांडत बसला आहे आणि मुलगा शेजारी बसून ते पाहतो आहे, एवढी गोष्ट मला पुरते. त्या घरात कुणी मुलाला ‘गणिताला बस’ म्हटलं नसणार.

हल्ली घरोघरी तेच म्हणतात. आणि त्याच्या जोडीला आणखी एक वाक्य असतं, जे मी गल्ल्यावर बसून नेहमी ऐकतो: ‘आमच्या घराण्यातच गणित नाही हो.’ मुलाच्या देखत, हसत हसत. बरं, हे म्हणणाऱ्या ताई काय करत असतात? तूरडाळीचं पाकीट उलटून बघतात. नऊशे ग्रॅम, एकशे पस्तीस रुपये. शेजारी सुटी डाळ एकशे अठ्ठेचाळीस रुपये किलो. पापणी लवायच्या आत म्हणतात, ‘सुटीच द्या, पाकीट किलोला दीडशेला पडतं.’ हे त्रैराशिक झालं! तेही तोंडी आणि गर्दीत. याला गणित म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाला तर मुळीच नाही. ‘घराण्यातच नाही’ तेवढं त्याने नीट ऐकून ठेवलेलं असतं.

आमचे जुने दिवाणजी पावकी-निमकी, सवायकी-दिडकी, औटकीपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे घोकून मोठे झालेले. चौसष्ट रुपये भावाने पावणेदोन किलोचे किती? चौसष्ट दुणे एकशे अठ्ठावीस, त्यातून चौसष्टाची पावकी सोळा गेली, एकशे बारा. पाटी नाही, पेन्सिल नाही. मात्र त्या पाढ्यांसोबत छडीही होती, हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. औटकी परत आली नाही तरी चालेल. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, हे डोळ्यांना दिसणं परत यायला हवं.

दुकानातलं आणखी एक सांगतो. पूर्वी मूल शंभराची नोट घेऊन यायचं, सत्त्याऐंशी रुपये झाले की तेरा परत मोजून घ्यायचं, कारण घरी आई पुन्हा मोजणार हे त्याला ठाऊक असायचं. आता ते मोबाइल घेऊन येतं आणि क्यूआर कोडसमोर धरतं. तो कोड मीच लावला आहे आणि काढणारही नाही, माझी सोय आहे त्यात. पण सुट्या पैशांबरोबर मुलांची रोजची एक वजाबाकी गेली, हे मी गल्ल्यावरून पाहिलं आहे. ती आता घरात मुद्दाम आणावी लागेल.

नुसती बाजारात सोडूनही मुलं गणितात हुशार होत नाहीत, हेही खरं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ साली ‘नेचर’मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी आणि अचूक करत होती. तसलंच गणित पुस्तकी पद्धतीने कागदावर दिलं की त्यातली बहुतेक अडत होती. शाळेतल्या मुलांचं नेमकं उलटं, कागदावर जमायचं आणि बाजारातल्या हिशेबात अडखळायचं. म्हणजे दोन्हीकडे गणित आहे, मधला रस्ता नाही. लासलगावच्या कांद्याच्या लिलावात क्विंटलचा भाव किलोवर आणणारं पोर वर्गात दशांश चिन्हाला घाबरतं, हे इथल्या शिक्षकांनी पाहिलेलं असेल. हा रस्ता शाळेने एकटीने बांधायचा म्हटलं तर होणार नाही. घराकडूनही काम सुरू व्हायला हवं.

पण कसं? इथे माझं मत थोडं कडू आहे. घराने शाळेची दुसरी पाळी सुरू करू नये. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचे २०१५ सालचे दोन अभ्यास शिक्षक मित्रांनी मला समजावून सांगितले. एकात दिसलं की ज्या आईवडिलांना गणिताची धास्ती आहे ते वारंवार गृहपाठ घ्यायला बसले, तर मुलं वर्षभरात कमी शिकतात आणि धास्ती मात्र उचलतात. दुसऱ्यात पहिलीच्या मुलांच्या घरी एक अ‍ॅप दिलं होतं. झोपताना आईबापांनी एक छोटी गोष्ट वाचायची आणि तिच्यातल्या आकड्यांवर दोन-चार प्रश्नांच्या गप्पा मारायच्या. तिथे फायदा दिसला, आणि धास्तावलेल्या पालकांच्या मुलांमध्ये तो अधिक दिसला. पालक तसेच, धास्ती तशीच. फरक वही आणि गोष्ट यांचा होता. गणितज्ञ मंगलाताई नारळीकरांनी आपल्या पुस्तकाला ‘गणितगप्पा’ हे नाव का दिलं असेल, ते मला यावरून कळलं.

आता गप्पा कशाच्या मारायच्या? अंगणात नाही तर जिन्यात, ठिपक्यांची रांगोळी घाला. तीन ते दोन: मधल्या ओळीत तीन, वर दोन, खाली दोन, झाले सात. पाच ते तीन: तीन, चार, पाच, चार, तीन, म्हणजे एकोणीस. सात ते चार: सदतीस. सुरुवातीला नुसता एक ठिपका धरा आणि बेरीज करत चला. एक. एक आणि सात आठ. त्यात एकोणीस, सत्तावीस. त्यात सदतीस, चौसष्ट. १, ८, २७, ६४: एक, दोन, तीन, चार यांचे घन, ओळीने! आमच्या सुनेने हे रांगोळी घालता घालता दाखवलं, तेव्हा मी दुकानातून साखरेच्या चौकोनी खड्यांचा पुडा आणला. चार बाय चार बाय चार असा घन रचला आणि एका कोपऱ्याकडून पाहिला. समोर दिसणाऱ्या तीन बाजूंचे खडे उचलले, आत तीन बाय तीन बाय तीनचा घन उरला. उचललेले खडे किती? सदतीस. कोपऱ्यातून पाहिलं की ते मांडलेलेही असतात रांगोळीच्याच षटकोनात. पंधरा ते आठच्या रांगोळीत किती ठिपके होतात आणि ती संख्या कशाचा वर्ग आहे, हे मी सांगत नाही. घरी मोजा. खडे शेवटी नातवंडांनी खाल्ले, तेव्हा प्रयोगाचा खर्च वसूल झाला.

किंवा चल्लस-आठचा पट मांडा. चार चिंचोके मधोमध फोडा, प्रत्येकाची एक फाक घ्या. जितक्या पांढऱ्या पडतील तेवढं दान. सगळ्या पांढऱ्या पडल्या तर चार, सगळ्या काळ्या पडल्या तर आठ, आणि पुन्हा डाव. मुलांना विचारा, दोनाचं दान इतक्यांदा का पडतं आणि आठ का रुसतं? चार फाकांच्या पडण्याच्या तऱ्हा सोळा. त्यांत दोन पांढऱ्या पडण्याच्या सहा, सगळ्या काळ्या पडण्याची एकच. मग डाव चालू असताना कुणीतरी दानं लिहून ठेवा. बाजारातले चिंचोके वहीतल्या हिशेबाप्रमाणे वागत नाहीत, कारण फाकेची एक बाजू फुगीर असते. असं झालं की मूल म्हणतं, ‘आजी, तुझे चिंचोके लबाड आहेत.’ लबाडी किती, ते काढायला बसलं की संख्याशास्त्र सुरू झालं. आजीला त्यातलं अक्षर ठाऊक नसलं तरी डाव तीच जिंकते, आणि तेही मुलांनी पाहायला हवं.

शिक्षकांना एक विनंती करून मी बसतो. पुढच्या पालकसभेत पहिली दहा मिनिटं गुणपत्रिका बाहेर काढू नका. टेबलावर चिंचोके ठेवा नाही तर फळ्यावर १९६० लिहा, आणि आईवडिलांना मुलांसोबत बसवा. कोण चुकलं याची नोंद नको. पालकांनाही एकच विनंती, ‘घराण्यातच नाही’ हे वाक्य निदान मुलांसमोर बंद करा. आज दुपारी अडीच वाजता खालच्या सभागृहात पट मांडलेले असतील, रांगोळीही असेल. मुलांना घेऊन या. आजी-आजोबा आले असतील तर त्यांना आधी आणा, जागा त्यांच्यासाठीच राखून ठेवली आहे.