पत्र्याखालच्या माणसांचा वाटा



 भुसावळ-सुरत गाडीने आम्हा खानदेशी माणसांच्या कित्येक पिढ्या इथे, तापीकाठच्या सुरतेत उतरल्या. लिंबायत, उधना, डिंडोलीत कुठेही उभे राहा, अहिराणी कानावर पडेल.

कोळशाकडून सौरऊर्जेकडे जाण्याबद्दलचा ठराव करायला आपण जमलो आहोत, म्हणून खानदेशातल्याच एका शेतकऱ्यापासून सुरू करतो. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आपल्याला आठवत असतील. त्यांची पाच एकर जमीन वीजप्रकल्पासाठी गेली. आधी औष्णिक ठरला होता, पुढे सौर झाला. मोबदला मिळाला चार लाखांच्या आसपास. २२ जानेवारी २०१८ रोजी त्या ८४ वर्षांच्या शेतकऱ्याने मंत्रालयात विष घेतलं, सहा दिवसांनी ते गेले. तेव्हापासून सौरप्रकल्प म्हटलं की मी आधी विचारतो, सातबारा कुणाच्या नावावर राहणार?

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आता जमीन भाड्याने घेतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, शिवाय दरसाल तीन टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याचीच राहते. हे मला पटतं. पण त्या शेतावरच्या सालदाराचं काय? निंदणीला जाणाऱ्या बाईचं काय? भाडं मालकाला मिळतं, रोज बुडतो तो यांचा. मग बोचकं बांधून ही माणसं सुरतची गाडी धरतात.

इथे त्यांना मिळते दहा बाय दहाची खोली. वर पत्रा. लूमवर रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी त्या पत्र्याखाली झोपायचा प्रयत्न करतो. बायको ओला पंचा त्याच्या छातीवर टाकते, तो घटकाभरात वाळतो. पंखा चालतो घरमालकाच्या सबमीटरवर, युनिटचा दर मालक सांगेल तो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण त्यासाठी छप्पर स्वतःचं लागतं. ज्याच्या डोक्यावर सगळ्यात जास्त ऊन तापतं, त्याला त्या उन्हातला एक युनिटही मिळत नाही. हे मला सहन होत नाही.

इथल्या कापडाच्या प्रोसेस हाउसच्या बॉयलरवर कोळसा टाकणाऱ्यांचाही विचार करा. कोळसा बंद व्हायलाच हवा, त्यांच्याच छातीत तो बसतो आहे. पण नवं काम त्यांना आधी शिकवा, बॉयलर मग बदला.

माझी विनंती एवढीच, की ठरावात या माणसांचा वाटा स्पष्ट लिहा. शाळांच्या, दवाखान्यांच्या गच्च्यांवर भाडेकरूंसाठी सामाईक पॅनेल बसवता येतील, वाट्याचे युनिट त्यांच्या बिलातून वजा करता येतील. सालदाराला प्रकल्पात पक्कं काम देता येईल.

उद्या दुपारी जेवणानंतर ज्यांना जमेल त्यांनी माझ्याबरोबर लिंबायतला चला. दोन घरांत सांगून ठेवलं आहे, चहा तिथेच घेऊ. पत्र्याखाली अर्धा तास बसू आणि मग ठराव लिहायला घेऊ.